सयाम देशातील अयोध्या

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



महोत्सवात एक व्याख्यान प्रवासाचे असावे ही चिटणीसांची इच्छा, आणि ते मास्तरांनी द्यावे ही त्यांचीच आज्ञा. चिटणीसांची आज्ञा मोडण्याची छाती हैदराबादच्या मराठी मंडळींत अजून कोणाला झालेली नाही. तेव्हा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक सहकुटुंब सयाम देशास जाऊन आलो, त्यांतील एका दिवसाची हकीकत आज आपल्यापुढे मांडतो. बँकॉकचे बाजार, तेथील दिव्यांचा झगमगाट, यांविषयी ऐकण्याची ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी आमच्याबरोबर आलेल्या मुलांना विचारावे. ती आमच्याहून अधिक रंगवून सांगतील.

सयाम हे जुने नाव आम्ही मुद्दाम घेतो. १९३९ साली त्या देशाने आपले नाव थायलंड असे केले, मध्यंतरी काही काळ ते पुन्हा सयाम झाले आणि १९४९ पासून थायलंड हेच कायम आहे. परंतु ज्या नगराविषयी बोलावयाचे ते वसले, नांदले आणि जळाले, ते सारे सयामच्या काळात.

त्या नगराचे पुरे नाव तेथील लोक लिहितात ते आपल्या उच्चाराने वाचले तर 'नगर श्रीअयोध्या' असे होते. ते स्वतः म्हणतात 'नखोन सी अयुत्थया'. इ. स. १३५१ मध्ये रामाधिपती नाव धारण केलेल्या राजाने ते वसविले, आणि १७६७ पर्यंत, म्हणजे चारशेहून अधिक वर्षे, ती सयामची राजधानी होती. पाच राजघराणी तेथे होऊन गेली. बँकॉकपासून उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर. सकाळी सात वाजता यात्रा-कंपनीची मोटार आम्हांस घेऊन निघाली, ती भातशेते मागे टाकीत दीड-पावणेदोन तासांत तेथे पोचली.

आमच्याबरोबर वाट दाखविणाऱ्या एक बाई होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, डोक्यावर रुंद काठाची टोपी, हातात मिटलेली छत्री. ती छत्री उंच धरली की सर्वांनी तिच्यामागे जावयाचे. इंग्रजी स्वच्छ. आम्ही शिक्षक आहोत असे कळताच त्या आम्हांस 'ख्रू' म्हणून हाक मारू लागल्या. चौकशी करता कळले की हा 'ख्रू' म्हणजे आपला गुरूच. महाविद्यालयात शिकविणारा तो 'आचान', म्हणजे आचार्य. मग मोटारीत शब्दांचा खेळच सुरू झाला. भाषेला 'फासा', जेवणाला 'आहान', विद्येला 'विच्छा', राजाला 'राछा'. देवळास ते 'वट' म्हणतात, स्तूपाला 'चेदी' म्हणजे चैत्य, आणि ज्या 'महाथात' देवळाकडे आम्ही चाललो होतो ते 'महाधातु', म्हणजे बुद्धाच्या अस्थी जेथे ठेवल्या आहेत अशी श्रद्धा आहे ते स्थान. नदीला मात्र त्यांचा स्वतःचा शब्द आहे, 'मे-नाम'. 'मे' म्हणजे आई, 'नाम' म्हणजे पाणी. आमच्यातील संस्कृत शिकविणाऱ्या बाईंनी तेवढ्यात वहीची चार पाने भरली.

नदीचे नाव निघाले तर नगराची जागा कशी आहे ते आधी सांगणे बरे. चाओ फ्राया, पा साक आणि लोपबुरी या तीन नद्या येथे एकत्र येतात. त्यांच्या वळणात जो भूभाग सापडला त्याच्या उरलेल्या बाजूस कालवा खणून संपूर्ण बेट बनविले आणि त्यावर राजधानी उभी केली. आत रस्त्यांपेक्षा कालवेच अधिक. दरवर्षी पावसाळ्याअखेर सभोवतालचा सारा मुलूख पाण्याखाली जाई. वेढा घालून बसलेल्या शत्रूस तेव्हा गाशा गुंडाळून परत फिरावे लागे. आमच्या गोवळकोंड्याचा बचाव ग्रॅनाइटच्या टेकडीने केला, यांचा बचाव पुराने केला. दगड या प्रदेशात जवळपास नाहीच. सारी बांधणी विटांची, वर चुन्याचा गिलावा. गिलावा गळून गेला आहे आणि तांबड्या विटा उघड्या पडल्या आहेत, म्हणून दुरून पाहता सगळे नगर नुकतेच भट्टीतून काढल्यासारखे दिसते. खालची जमीन मऊ गाळाची असल्याने कित्येक चैत्य एका अंगास कलले आहेत. आमच्या गणिताच्या मास्तरांनी एकाचा कोन डोळ्यांनी मोजून सांगितला. तो खरा की खोटा ते तपासण्याचे साधन कोणापाशी नव्हते, म्हणून सर्वांनी मान्य केला.

प्रथम आम्ही वट महाथातात गेलो. १३७४ साली त्याचा पाया घातला गेला असे बखरी सांगतात. मधले मुख्य शिखर विसाव्या शतकाच्या आरंभी कोसळले. आता त्याचा चौथरा व भोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींचे अवशेष तेवढे आहेत. या अवशेषांच्या एका कडेला ते सुप्रसिद्ध दृश्य आहे, ज्याची चित्रे आपण सर्वांनी पाहिली असतील. पिंपळाच्या जातीचे एक झाड, त्याच्या मुळ्यांचा जमिनीलगत जाळीसारखा गुंता, आणि त्या गुंत्यात धरलेले बुद्धमूर्तीचे दगडी शिर. धड कोठेही नाही. मूर्तीचे शिर केव्हातरी तुटून खाली पडले, कोणी उचलले नाही, आणि झाडाने ते आपल्यात घेतले. मुळ्यांनी गाल, हनुवटी, कपाळ यांना इतक्या बेताने वेढले आहे की चेहऱ्यावर एकही मुळी आडवी गेलेली नाही. डोळे अर्धे मिटलेले.

तेथे एक नियम आहे. छायाचित्र काढावयाचे तर उभे राहून काढता येत नाही. त्या शिरापेक्षा आपले मस्तक उंच असता कामा नये, म्हणून खाली बसावे लागते. पहारेकरी उभा असतो आणि कोणी विसरला तर हाताने खूण करून बसवितो. आम्ही मुसलमान, मूर्तीपुढे वाकण्याचा आमचा रिवाज नाही, हे बाईंना ठाऊक होते. त्यांनी आमच्याकडे किंचित प्रश्नार्थक पाहिले. आम्ही खाली बसलो. परक्याच्या बैठकीत यजमान बसले असता पाहुण्याने उभे राहू नये, एवढा अदब आम्हांस लहानपणी घरातच शिकविलेला आहे. खाली बसून पाहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. जमिनीच्या पातळीवरून तो चेहरा पडलेला वाटत नाही. समोरासमोर बसल्यासारखा वाटतो.

परंतु त्या एका शिराने मन जितके निवते, तितके ते पुढच्या पन्नास पावलांत ढवळून निघते. ओवरीच्या भिंतीलगत बुद्धमूर्तींच्या रांगा आहेत, पद्मासन घातलेल्या, हात मांडीवर ठेवलेल्या. आणि जवळजवळ एकीलाही मस्तक नाही. काहींना खांदेही नाहीत. कोणी भाविकांनी त्यांतील काहींच्या अंगावर भगवे वस्त्र गुंडाळले आहे. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाताना आमच्या मंडळींतील बोलणे आपोआप थांबले. मग आमच्यातील एका मुलाने विचारले, "यांची डोकी कोणी तोडली?"

बाई म्हणाल्या, "ब्रह्मी सैन्याने." थोडे थांबून म्हणाल्या, "सगळी नव्हेत. ते मी पुढच्या देवळात सांगेन."

ब्रह्मी सैन्याची हकीकत अशी. ब्रह्मदेश आणि सयाम यांचे वैर फार जुने. १५६९ साली पेगूच्या बयिन्नौंग राजाने हे नगर एकदा घेतले होते. त्यानंतर नरेश्वर, ज्याला ते 'नरेसुअन' म्हणतात, त्या राजाने देश पुन्हा स्वतंत्र केला. १५९३ साली त्याने ब्रह्मी युवराजास हत्तीवरील द्वंद्वात मारले, ही कथा तेथील प्रत्येक शाळकरी पोरास पाठ असते. आपले हैदराबाद वसून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, १७६६ च्या आरंभी, ब्रह्मी फौजा पुन्हा येऊन भिडल्या, आणि या खेपेस पावसाळा आला तरी त्या हटल्या नाहीत. उंचवट्यांवर तळ दिले, बांध घातले, नावा जमविल्या आणि पाणी ओसरेपर्यंत चिकाटीने बसून राहिल्या. चारशे वर्षे ज्या पुराने नगर राखले तोच पूर निकामी झाला. आत अन्न संपले. शेवटी तटाखाली भुयारे खणून, लाकडे रचून, पायाच पेटवून दिला. ७ एप्रिल १७६७ रोजी तट ढासळला आणि सैन्य आत शिरले. देवळे, वाडे, ग्रंथसंग्रह, सारे जळाले. हजारो माणसे, त्यांत राजकुलातील माणसे, कारागीर, नर्तक, कैदी करून ब्रह्मदेशात नेली. त्यांनी नेलेल्या गायन-नृत्यास ब्रह्मदेशात 'योदया' म्हणतात, अयोध्येचे म्हणून.

राजवाड्याच्या आवारातील श्रीसर्वज्ञ देवळात, म्हणजे वट फ्रा सी सान्फेतमध्ये, सुमारे १६ मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती होती. १५०० साली ती घडविली आणि सोन्याने मढविली. त्या सोन्यासाठी मूर्तीखाली आग लावली गेली. आज तेथे तीन मोठे चैत्य एका ओळीत उभे आहेत, त्यांत तीन राजांच्या अस्थी आहेत. मूर्तीच्या जागी मोकळा चौथरा आहे.

येथे, मंडळी, आम्हांस थोडे विषयांतर करू द्या. आमच्या वर्गात दरवर्षी विजयनगरचा धडा येतो. १५६५ ची लढाई, दख्खनच्या सुलतानांचा जय, रामरायाचा वध, आणि मग त्या नगराची झालेली गत. धडा शिकवीत असता काही मुले नकळत आमच्या तोंडाकडे पाहतात, आणि मुसलमान मुले वहीत मान घालतात. वीस वर्षे आम्ही ह्या दोन्ही नजरा पाहात आलो आहोत. तो धडा आम्ही कधी गाळला नाही, पातळही केला नाही. जे फोडले ते फोडले, आणि फोडणाऱ्यांपैकी काहींनी धर्माचे नाव घेतले हेही खरे. तसे घडलेच नाही असे सांगणे इतिहासाशी बेइमानी होईल. परंतु त्या नजरांना द्यावयास पुरेसे उत्तर आमच्यापाशी पुस्तकात नव्हते. अयोध्येच्या त्या मुंडके छाटलेल्या रांगेसमोर उभे असता बाईंना आम्ही विचारले, "हे सैन्य कोणत्या धर्माचे?" त्या म्हणाल्या, "आमच्याच. तेही बुद्धाला शरण जाणारे, आम्हीही. सकाळची प्रार्थनाही दोघांची एकाच पाली भाषेत."

म्हणजे ज्याच्यापुढे घरी फुले वाहावयाची त्याच्याच मूर्तीखाली येथे जाळ करावयाचा. कारण सोने होते, राजधानी होती, शत्रूच्या राजाचे पुण्य जेथे साठले आहे असे मानले जाई ती स्थाने मोडावयाची होती. हे ऐकून आमचे समाधान झाले असे म्हणवत नाही. समाधान होण्यासारखे त्यात काय आहे? पण विजयनगरच्या धड्याअगोदर आता आम्ही एक तास अयोध्येला देतो. पहिल्यांदा तो तास घेतला तेव्हा कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही, नकाशाकडे पाहिले.

आता बाईंनी पुढच्या देवळात सांगितलेली गोष्ट. ते देऊळ वट रात्छबुराना, महाथातच्या अगदी शेजारी. त्याची उभारणीच मोठी करुण आहे. १४२४ साली राजा वारला तेव्हा त्याचे दोन थोरले मुलगे गादीसाठी हत्तींवर चढून एकमेकांशी लढले, आणि दोघेही मेले. धाकटा तिसरा, चाओ साम फ्राया, आपोआप राजा झाला. ज्या ठिकाणी भावांना अग्नी दिला तेथे त्याने हे देऊळ बांधविले आणि त्याच्या पोटात तळघर करून सोन्याचे अलंकार, पात्रे, मूर्ती ठेवून ते बंद केले. १७६७ च्या लुटारूंना त्या तळघराचा पत्ता लागला नाही. पत्ता लागला १९५७ साली, चोरांना. आणि ते चोर त्याच देशातले होते. सोने बाहेर पडले, बरेचसे वितळले, बरेचसे परागंदा झाले. मग सरकारच्या ललितकला खात्याने आत उतरून उरलेला ठेवा बाहेर काढला. मूर्तींची शिरेही कितीतरी अशीच गेली. परदेशच्या संग्राहकांना संपूर्ण मूर्ती नेणे अवघड, शिर नेणे सोपे, म्हणून शिराला भाव. "शत्रूने एकदा तोडली," बाई म्हणाल्या, "आम्ही दोनशे वर्षे तोडीत होतो." हे वाक्य त्यांनी फार सहज उच्चारले. परदेशी पाहुण्यांपुढे आपल्या लोकांविषयी असे बोलण्यास बळ लागते. आम्हांस ते बळ फार आवडले.

त्या तळघरात आजही उतरता येते. जिना अरुंद व उभा आहे, हवा कोंदट. आमच्यातील दोघेच उतरले. भिंतींवर फिकट रंगांतील चित्रे पाहून घामाघूम होऊन वर आले.

तेथे सापडलेला ठेवा ज्या संग्रहालयात आहे त्याची हकीकत या न्यासाच्या व्यासपीठावरून सांगण्यासारखी आहे. त्यासाठी इमारत हवी होती आणि पैसा नव्हता. तळघरात सोन्याबरोबर मातीच्या व धातूच्या छोट्या बुद्धमुद्रा फार मोठ्या संख्येने निघाल्या होत्या. जो देणगी देईल त्यास त्यांतील मुद्रा प्रसाद म्हणून द्यावी, असे ठरले. लोकांनी देणग्या दिल्या, मुद्रा घरी नेल्या, आणि त्या पैशातून इमारत उभी राहिली. १९६१ साली ते उघडले. नाव त्या धाकट्या राजाचेच, चाओ साम फ्राया. आमचे खजिनदार आज समोर बसले आहेत, आणि ही युक्ती ऐकून त्यांचे डोळे चमकले ते आम्हांस येथून दिसले. परंतु आपल्या इमारतीखाली असे काही पुरलेले असल्याची नोंद दप्तरात नाही.

संग्रहालयात सोन्याचा एक बसलेला हत्ती आहे, ओंजळीत मावेल एवढा, रत्नांनी जडविलेला, सोंड वर केलेली. सोन्याच्या म्यानाची राजतलवार आहे. आणि त्याच तळघरातून निघालेली अरबी अक्षरे कोरलेली सोन्याची नाणीही आहेत. पंधराव्या शतकात एक राजा आपल्या भावांच्या चितेवर बांधलेल्या बौद्ध देवळात जो ठेवा पुरतो, त्यात अरबी अक्षरांची नाणी असतात! त्या काचेपाशी आम्ही बराच वेळ उभे होतो.

ब्रह्मी लोकांविषयी एवढे सांगितले, तेव्हा दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राजवाड्याच्या दक्षिणेस मोंखोन बोफित नावाच्या विहारात ब्राँझची प्रचंड बैठी बुद्धमूर्ती आहे. १७६७ च्या आगीत वरचे छप्पर कोसळले, मूर्ती दुखावली आणि पुढे दीर्घकाळ ऊनपावसात राहिली. १९५० च्या दशकाच्या मध्यास ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनी तिच्या जीर्णोद्धारासाठी दोन लक्ष बाथ दिले. सयाम सरकारनेही रक्कम घातली, आणि १९५७ पर्यंत नवे छप्पर चढले. त्या विहारात गर्दी होती, उदबत्त्यांचा धूर होता. कोणी देणगीचा इतिहास आठवीत तेथे आले नव्हते, ते नवस फेडावयास आले होते. आमच्या वर्गातील एका मुलीने ही गोष्ट ऐकून विचारले, "दोनशे वर्षांनी पैसे देऊन काय उपयोग?" दुसरीने तिला सांगितले, "छप्पर झालं ना!"

दुपारचे जेवण कंपनीतर्फे नदीकाठच्या एका भोजनगृहात होते. आमच्यासाठी काय चालेल, काय चालणार नाही, हे आधी लेखी कळविले असताही पानात जे यायचे तेच आले. कंपनीचे नाव घेत नाही. बाईंनी निमूटपणे भात, भाजी आणि केळी आणून दिली. पण त्यामुळे एक फायदा झाला. भुकेलेली मंडळी रस्त्यावर काही मिळते का पाहू लागली, आणि तेथे ओळीने दुकाने दिसली, समोर काचेची कपाटे, आणि आत डोक्याला रुमाल बांधलेल्या मुसलमान बायका. त्या विकीत होत्या 'रोती साइ-माइ'. रोती म्हणजे आपली रोटीच. हिरवट रंगाची, कागदासारखी पातळ, तव्यावर पीठ टेकवून काढलेली. तिच्यात साखरेचे रेशमासारखे धागे गुंडाळून द्यावयाचे. बुढ्ढी के बाल आणि सोनपापडी यांच्या मधला प्रकार समजा. आम्ही सलाम केला, दुकानातील म्हातारीने हसून जबाब दिला, आणि पुढे आमच्या उर्दूचा आणि तिच्या थाईचा काही मेळ जमला नाही. मुलांना त्याची गरज नव्हती. हा जिन्नस अयोध्येची खास ओळख मानला जातो आणि तो करणारे बहुतेक तेथील मुसलमानच.

ही माणसे तेथे कोठून आली? याचे उत्तर शोधताना आपण फिरून दख्खनमध्ये येतो.

अयोध्या हे बंदरच होते; समुद्रातली गलबते नदीने वर चढत थेट तटाखाली येत. तटाबाहेर, नदीच्या दोन्ही काठांनी, परदेशी लोकांच्या वस्त्या होत्या, आणि प्रत्येक वस्तीचा कारभार तिच्याच एका प्रमुखाकडे. चिनी, जपानी, मलायी, डच, फ्रेंच. पोर्तुगीज प्रथम १५११ साली आले. आदल्या वर्षी अल्बुकर्कने गोवा घेतले होते. मग त्याने मलाक्का घेतले आणि तेथून सयामच्या राजाकडे वकील पाठविला. गोव्याहून येथे आलेली कुटुंबे आज सभेत आहेत, त्यांना हा दुवा ओळखीचा वाटेल. पोर्तुगीज वस्तीतील एका चर्चच्या जागी १९८४ साली उत्खनन झाले, त्यात दोनशेहून अधिक सांगाडे निघाले. त्यांतील काही जागच्या जागी ठेवून वर छप्पर केले आहे.

आणि इराणी. कुम शहरचा शेख अहमद नावाचा व्यापारी सतराव्या शतकाच्या आरंभी येथे आला. राजा सोंगथामने त्याची लायकी पाहून बंदराच्या पश्चिमेकडील व्यापाराचे खाते, म्हणजे हिंदुस्थान, इराण, अरबस्तान यांच्याकडून येणाऱ्या गलबतांचा कारभार, त्याच्याकडे सोपविला आणि राज्यातील मुसलमानांचा प्रमुख म्हणून त्यास नेमले. त्या पदाचे नाव 'चुलाराचमोन्त्री'. शेवटी मंत्री हा शब्द ऐकू येतोच. थायलंडमधील मुसलमानांच्या प्रमुखास आजही हीच पदवी आहे. शेख अहमदाच्या वंशातील एक शाखा पुढे बौद्ध झाली, बुन्नाग या नावाने एकोणिसाव्या शतकात तिने राज्याचे मोठमोठे कारभारी दिले. त्याची कबर अयोध्येत, राजभट विद्यापीठाच्या आवारात आहे. ती कंपनीच्या यादीत नव्हती. बाईंना विनंती केली, त्यांनी गाडीवाल्याशी दोन शब्द केले, आणि वीस मिनिटे मिळाली. स्वच्छ जागा, झाडी, पांढरी कबर. आम्ही फातिहा पढला. आमच्याबरोबरची हिंदू मंडळी चपला काढून बाजूला उभी राहिली, आणि बाई छत्री मिटून हात जोडून उभ्या होत्या. त्यांना शेख अहमदाची गोष्ट आमच्याहून अधिक माहीत होती.

इराणी लोक अयोध्येस जात ते पुष्कळदा आपल्या येथून. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचे मोठे बंदर मच्छलीपट्टण. तेथून गलबत बंगालचा उपसागर ओलांडून मेर्गुईला लागे. मेर्गुई आणि तेनासरी तेव्हा सयामच्या ताब्यात होती. तेथून डोंगर उतरून राजधानीस जावयाचे. जाताना इकडचे छापील व रंगविलेले कापड जाई, खास सयामी नमुन्याचे, त्यांच्या दरबारी पसंतीप्रमाणे येथील कारागिरांनी केलेले. येताना कथील येई, आणि हत्ती येत, जिवंत, गलबतात उभे. पुढे नारायण राजाच्या, त्यांच्या उच्चाराने 'नाराय'च्या, कारकिर्दीत, १६८० नंतर, सयामचे गोवळकोंड्याशी बिनसले आणि समुद्रावर गलबतांची धरपकड झाली. १६८७ साली औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला, तेव्हा त्या भांडणातील एक पक्षच नाहीसा झाला. १६८५ मध्ये इराणच्या शाह सुलेमानाने नारायण राजाकडे वकील धाडला होता. त्या वकिलातीच्या चिटणिसाने लिहिलेला 'सफीना-इ-सुलेमानी' नावाचा वृत्तांत आज उपलब्ध आहे. फारशी लिहिणारे या नगरास 'शहर-इ-नाव' म्हणत. नावांचे शहर असा त्याचा एक अर्थ लावतात. फारशीतील नाव आणि आपली मराठी नाव, दोन्ही एकच.

१७६७ च्या वेढ्यात या बाहेरच्या वस्त्यांतले लोक पळून गेले असे नाही. चिनी आणि ख्रिस्ती वस्त्यांनी आपापल्या ठिकाणी शस्त्र धरले आणि त्यांच्या वस्त्या नगराबरोबरच जळाल्या. पिढ्यान् पिढ्या 'बाहेरचे' म्हणून तटाबाहेर राहिलेली ही माणसे होती. आपणही या शहरात कित्येक पिढ्यांपूर्वी बाहेरून आलो. म्हणून हे ऐकताना आम्हांस केवळ परदेशचा इतिहास ऐकत आहोत असे वाटले नाही.

यानंतरची दोन स्थळे थोडक्यात. वट याइ चाइ मोंखोन, म्हणजे जयमंगल, येथील उंच चैत्य नरेश्वर राजाच्या विजयाशी जोडला जातो. भोवती भगवी वस्त्रे ल्यालेल्या बुद्धमूर्तींची रांग आहे, आणि या मूर्तींना शिरे आहेत, हे पाहून बरे वाटले. वाटेत हत्तींवरून फेरी मारण्याची सोय होती. लोखंडी अंकुश घेतलेला माहूत, डांबरी रस्ता, पाठीवर लाल छत्री आणि चार पर्यटक. आमच्यापैकी कोणी बसले नाही. नरेश्वराच्या हत्तीचे वंशज याहून चांगल्या कामास लायक आहेत.

संध्याकाळी वट चाइवत्थनाराम. नदीच्या पश्चिम काठी, प्रासात थोंग राजाने १६३० साली आईच्या स्मरणार्थ बांधविलेले, कंबोडियाच्या धर्तीचे उंच मधले शिखर आणि भोवती लहान शिखरे. २०११ च्या ऑक्टोबरात चाओ फ्रायास मोठा पूर आला, बांध फुटला आणि हे सारे देऊळ पाण्यात उभे राहिले. ओल विटांत चढली, गिलावा सुटू लागला. दुरुस्ती पुढे कित्येक वर्षे चालली. तेथे थाई मुली जुन्या दरबारी पोशाखात, भाड्याने आणलेल्या, छायाचित्रे काढून घेत होत्या. आमच्या मुलींना त्या पोशाखांचा मोह झाला. वेळ नाही असे सांगून आम्ही तो टाळला, हे त्यांनी अजून विसरलेले नाही.

परतीचा प्रवास नदीने होता. अयोध्या पडल्यावर वर्षाच्या आत ताक्सिन या सेनापतीने ब्रह्मी ठाणे उठविले, पण राजधानी पुन्हा येथे वसविली नाही. ती नदीच्या मुखाकडे नेली, प्रथम थोनबुरीस, आणि १७८२ पासून समोरच्या काठावर, बँकॉकला. नवी राजधानी बांधावयास विटा लागल्या. त्या अयोध्येच्या तटाच्या आणि वाड्यांच्या विटा होत्या, नावांत भरून याच पाण्यातून खाली नेलेल्या. म्हणजे भग्न नगराचा बराच भाग आज बँकॉकच्या पोटात आहे. नावेच्या टपावर बसून बाईंनी हे सांगितले तेव्हा शेजारून वाळूने भरलेल्या तराफ्यांची माळ एका लहान यांत्रिक नावेमागे खाली चालली होती.

आम्ही आणलेला अयोध्येचा मोठा नकाशा, ज्यात तीनही नद्या, देवळे आणि परदेशी वस्त्या रंगांत दाखविल्या आहेत, न्यासाच्या वाचनालयात पूर्वेकडील भिंतीवर लावला आहे. संग्रहालयाची चित्रपुस्तिकाही ग्रंथपालांकडे दिली आहे; ती घरी नेता येणार नाही, तेथेच बसून पाहावी लागेल. नकाशावर शेख अहमदाची कबर छापलेली नव्हती. ती जागा आम्ही पेन्सिलीने खूण करून दाखविली आहे.